वकिलांच्या फियाटचे बुश

उजव्या बाजूचा खालचा बुश काही केल्या बसेना. साबणाचं पाणी लावून झालं, व्हाइसमध्ये धरून दाबून झालं, तरी अर्ध्यात जाऊन तिरपा व्हायचा. मग काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा. एरवी अशा वेळी माझ्या तोंडून दोन-चार शिव्या ठरलेल्या. त्या दिवशी एकही आली नाही. सकाळपासून पाचव्यांदा काढत असेन नाहीतर सहाव्यांदा, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"दाजी, च्या निवला," रंगराव दारातून म्हणाला.

"असू दे."

"मगाशी ठेवलेलाबी तसाच हाय."

रंगराव माझा मेहुणा, शेवंताचा धाकटा भाऊ. गॅरेजला लागूनच त्याची पिठाची गिरणी. शेवंता गेल्यापासून दोन वेळचा डबा आणि मधला चहा तोच आणायचा. ठेवायचा, जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा आणि निघून जायचा. त्याला माझ्या तोंडावर काय बघायचं होतं ते मला ठाऊक होतं. ते माझ्याकडे नव्हतं, तर मी कुठून आणणार?

शेवंता दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली. तीन दिवसांचा ताप. पहिल्या दिवशी तिनं अंग कणकणत असताना घटाला माळ घातली, दुसऱ्या दिवशी अंथरूण धरलं, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मला ओळखलं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. वीस वर्षं आम्ही दोघंच, म्हणजे पुढं गॅरेज आणि मागं दोन खोल्या. बायका म्हणाल्या, ह्याला रडवा, नाहीतर आत साठून राहील. माझ्या चुलतीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून गळा काढला. मी तिला तांब्याभर पाणी आणून दिलं.

दहाव्याला पंचगंगेवर पिंड ठेवला, तर कावळा टपून बसल्यासारखा आला आणि शिवला. लोकांना दोन-दोन तास ताटकळावं लागतं, नाही नाही ती वचनं द्यावी लागतात. म्हातारी माणसं म्हणाली, "तृप्त होऊन गेली. कशात जीव अडकला नव्हता बाईचा." माझ्यातसुद्धा नव्हता का, असं माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं. त्याचंही वाईट वाटलं नाही.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी बेचाळीसचा होतो आणि कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं काम म्हटलं की लोक जोतिराम मिस्त्रीकडे बोट दाखवायचे. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गॅरेज उघडलं. लोकांना वाटलं, काय धीराचा माणूस. धीर कसला, घरात बसून करायचं काय ते सुचत नव्हतं. हातात पाना आला की हात आपोआप चालायचे आणि मी त्यांच्याकडे बघत बसायचो.

फियाट हेर्लेकर वकिलांची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली, चौसष्ट सालची, फिकट निळी. वकील तिला माणसासारखी जपायचे. पण रबराला जपून जपणार किती? पुढची चाकं ज्या लोखंडी आर्मनी धरलेली असतात, ते आर्म खड्ड्याबरोबर वर-खाली होतात. ते जिथं गाडीला जोडलेले असतात तिथं मधे रबराचा बुश असतो, लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. वकिलांच्या गाडीतले बुश वाळून चिरले होते. गाडी प्रत्येक खड्ड्याला टाळ वाजवत यायची. नवे बुश बाजारात कधीच मिळेनासे झाले होते, म्हणून मी जुन्याचा नमुना देऊन उद्यमनगरातल्या एका रबरवाल्याकडून आठ नग ओतून घेतले.

वकिलांना घाई होती. त्यांची वृंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला, तीन महिन्यांचा झाला, आणि आता तिच्या सासूबाई स्वतः रत्नागिरीहून तिला न्यायला आल्या होत्या. नातवाला एसटीतून न्यायचं नाही, आजोबांच्या गाडीतून न्यायचं, असं वकिलांनी ठरवलं होतं.

"जोतिराम, गुरुवारी नऊला निघायचंय," असं ते मला तीनदा सांगून गेले. तिसऱ्या वेळी जाताना दारात थांबले. "तुला जमत नसेल तर सांग बरं का. असल्या दिवसांत मी तुला..."

"जमंल की, साहेब."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावर हात ठेवून गेले.

सहाव्यांदा की सातव्यांदा, पण तो बुश शेवटी बसला. बुधवारी दिवस मावळेपर्यंत सगळे आर्म चढवून झाले. गुरुवारी सकाळी मी चाकं लावली, जॅक सोडला आणि गाडी खाली घेतली. हात पुसले आणि तिच्याजवळ उभा राहिलो. किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मग बाहेर रिक्षा वाजली आणि वकील आत आले.

"झाली?"

"झाली," मी म्हणालो, आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी गाडी बाहेर काढली, रस्त्यावरच्या गटारावरून नेली आणि काच खाली करून हसत म्हणाले, "वा! आवाज गेला बघ." मी मान हलवली. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

दहा वाजता रंगराव चहा घेऊन आला. मी बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीला तीन फुटी पाईप टेकवून ठेवलेला असायचा. मोठा नट आवळायचा म्हटला की पान्याच्या मागं हा पाईप घालायचा आणि त्याच्यावर जोर द्यायचा. मी त्याच्याकडे बघत होतो. पाईपवर धूळ बसली होती. पाईप आणि भिंत यांच्या मधे कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि ते कुठंही तुटलेलं नव्हतं.

"रंगा, वकील गेलं असतील काय रं?"

"नवाला निघणार हुतं न्हवं? गेलं असतील की. का?"

"त्यांच्या गाडीचं नट आवळायचं राह्यलंत."

रंगरावानं चहा बाकावर ठेवला. "कुठलं नट?"

मी त्याला समजावून सांगायला लागलो. अगदी शांतपणे, वर्गात शिकवावं तसं. बुश बसवताना गाडी जॅकवर असते आणि चाकं हवेत लोंबत असतात. त्याच वेळी नट आवळले तर रबर त्या लोंबत्या बेतात घट्ट होतं. मग गाडी खाली आली की त्याला पीळ बसतो आणि दोन महिन्यांत ते फाटतं. म्हणून नट नुसते हातानं चढवून ठेवायचे. गाडी चाकांवर उभी राहिली, तिच्यावर बसणाऱ्यांचं वजन आलं, की मगच खालून आवळायचे. माझे गुरू ईलाही वस्ताद सांगायचे, गाडी आपल्या पायावर उभी राहिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

"मंजे सगळं नट ढिल्लं हाईत?"

"आठच्या आठ."

"मग काय हुईल?"

"हळूहळू सुटत जातील. आर्म निसटला की चाक आत मुडपतं."

"आनि गाडी आंबा घाटानं जायाची हाय," रंगराव म्हणाला.

गिरणीत फोन होता. मी नंबर फिरवला. वकीलबाईंनी उचलला. "नऊलाच निघाले की हो. अगदी मुहूर्तावर. का, काय झालं?"

"काय न्हाई, बाईसाहेब. सहज." मी फोन ठेवला. त्या बाईला काय सांगणार होतो? तुमची लेक, नातू, नवरा आणि विहीणबाई, चौघं हातानं चढवलेल्या आठ नटांवर बसून चालली आहेत म्हणून?

रंगरावानं गिरणीचा पट्टा उतरवला आणि दळण टाकायला आलेल्या बायांना तसंच सोडून राजदूत काढली. मी बावीस नंबरचा पाना घेतला, जाळं मोडून पाईप घेतला आणि मागं बसलो. मला घाम फुटायला हवा होता, छातीत धडधडायला हवं होतं. मला तसलं काही झालं नाही. मी पाईप मांडीवर आडवा धरला, तो समोरच्या वाहनाला लागेल म्हणून पुन्हा उभा धरला. त्या घडीला मला तेवढीच काळजी होती.

रंगराव वारा कापत ओरडून बोलत होता. "वीस वरसांत कदी इसरला न्हाईसा. आजच कसं इसरलासा?"

"म्हाईत न्हाई."

"म्हाईत न्हाई काय! नट आवळायचं इसरतंय व्हय कोन?"

"म्हाईत न्हाई रं, रंगा."

कोडोली फाटा गेला. मग त्यानं मान अर्धी मागं वळवली.

"बोलू का, दाजी? राग मानू नगासा. आक्का गेल्यापास्नं तुमी मान्सात न्हाईसा. माज्या भनीसाठी डोळ्यातनं एक टिप्पूस न्हाई गाळलासा. मी म्हनलं, आसंल एकेकाचा सभाव. आई म्हनती, दगड हाय त्यो. मी आईसंगं भांडलो तुमच्यापायी. पर आज चार मान्सं मराय घातलीसा. त्यात एक तीन म्हैन्याचं पोर. आता तरी काय वाटतंय का न्हाई तुमास्नी?"

मी किलोमीटरचे दगड वाचत होतो. मलकापूर एकोणीस. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं, त्यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि तरी ते दुसऱ्या कुणाबद्दल चालल्यासारखं वाटत होतं. मला एकच माहीत होतं, त्या गाडीला घाट उतरू द्यायचा नाही. का नाही, ते डोक्याला कळत होतं. अंगाला कळत नव्हतं.

बांबवड्याच्या स्टँडवर एक पानवाला म्हणाला, निळी गाडी मगाशीच गेली, अर्धा तास झाला असेल. मलकापुरात कुणी बघितलीच नव्हती. तिथून पुढं रस्त्याला वळणं लागली. प्रत्येक वळणावर रंगराव गाडी हळू करून खालच्या बाजूला ओढ्यात बघायचा, आणि मग पुन्हा पीळ द्यायचा. मीही बघायचो. ओढ्यात निळं काही नव्हतं.

आंब्याला पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. गाव संपतं तिथं एक चहाचं हॉटेल होतं आणि त्याच्यापुढं दोन वळणांवर घाट सुरू. हॉटेलासमोरून फियाट नुकतीच रस्त्यावर येत होती. रंगरावानं राजदूत नेऊन तिच्या तोंडापुढं आडवी घातली. वकिलांनी करकचून ब्रेक दाबला.

"अरे, जोतिराम? तू इथं कसा?"

"इंजन बंद करा, साहेब."

"झालं काय पण?"

"माझं काम राह्यलंय."

मी रस्त्यावर पालथा झालो आणि चाकाच्या मागं हात घातला. डाव्या बाजूचा मागचा नट आट्याच्या टोकावर आला होता. बोटानं फिरवला तर फिरला. अजून तीन-चार आटे, की तो रस्त्यावर पडला असता आणि कुणाला कळलंसुद्धा नसतं. मी उठलो आणि वकिलांना जसं होतं तसं सांगितलं. नट आवळायचे राहिले, घाटात चाक मुडपलं असतं.

वकील उतरून चाकापाशी वाकले. "मलकापूर सोडल्यापासून खडखड येत होती," ते हळू म्हणाले. "मला वाटलं, रस्ता खराब आहे."

पुढचं दुसरं दार उघडलं आणि वृंदाच्या सासूबाई उतरल्या. फणसळकरकाकू. साठीच्या पुढच्या, बारीक, ताठ. कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती म्हणे.

"राहिले म्हणजे? विसरलात तुम्ही?"

"व्हय. इसरलो."

"अहो मिस्त्री, माणसं आमटीत मीठ घालायला विसरतात. चाकं आवळायला विसरतात होय? तान्हं मूल आहे गाडीत."

"आई, राहू दे," मागून वृंदा म्हणाली. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ झोपलं होतं.

"का राहू दे? मी कालच म्हटलं होतं, एसटी काय वाईट आहे? तर म्हणे आजोबांची गाडी." त्या माझ्याकडे वळल्या. "लाज वाटते का काही?"

मला लाज वाटायला हवी होती. मी तिथं पाना धरून उभा होतो. "तुमचं बराबर हाय," मी म्हणालो. ते ऐकून त्यांचा राग कमी न होता आणखी वाढला.

रस्त्याच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी खणलेली चर होती, आता कोरडी. मी वकिलांना गाडी तिच्यावर आणायला लावली, दोन चाकं अलीकडं, दोन पलीकडं, म्हणजे मला खाली सरकून पडता येईल. मग म्हणालो, "आता सगळी आत बसा. मगाशी जशी बसला हुता तशीच."

"आत?" काकू म्हणाल्या. "हा माणूस खाली घुसणार, आणि आम्ही बाळाला घेऊन वर बसायचं?"

"गाडीवर वजन पायजे, बाई. न्हाईतर रबर पिरगळतंय."

"वजन हवं तर दगड टाका."

"बसा आई," वृंदा म्हणाली. "काही होत नाही. मी लहानपणी बाबांबरोबर गॅरेजात जायचे ना, तेव्हा बघितलंय. असंच करतात. तिथं तर..." ती मधेच थांबली आणि माझ्याकडे बघून गप्प झाली.

काकू कुरकुरत बसल्या. दार जोरात लावलं. वकील स्टिअरिंगवर, त्या त्यांच्या शेजारी, मागं वृंदा आणि बाळ. रंगराव रस्त्याच्या पलीकडं जाऊन एसट्यांना हात दाखवत उभा राहिला. मी चरीत उतरलो, पाठीवर झोपलो आणि आत सरकलो.

खाली अंधार नव्हता, पण उजेडही पुरेसा नव्हता. तेलाचा आणि तापलेल्या रबराचा वास. माझ्या नाकापासून वीतभर वर गाडीचा पत्रा. उजव्या बाजूनं सुरुवात केली. पाना लावायचा, पाईप घालायचा, जोर द्यायचा. एक. दोन. वर बाळ कुरकुरलं आणि वृंदा त्याला थोपटायला लागली. काकू वकिलांना विचारत होत्या, साखरप्याला पोचायला किती वाजतील. वकील म्हणाले, बघू. तीन. चार. उजवी बाजू झाली.

डावीकडं सरकलो. तिकडच्या स्प्रिंगवर गाडी नीट बसली नव्हती. बरोबरच आहे, चरीच्या काठावर ते चाक जरा उंच होतं. अशा वेळी वर बसलेल्या माणसानं एकदा अंग हलवलं, सीटवर जरा दबलं, की गाडी आपल्या जागी बसते. मी पाना लावला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

"शेवंता, जरा हल."

वर बाळाला थोपटणारा हात थांबला.

मग काकूंचा आवाज आला. "कोण शेवंता?"

वकील खाली आवाजात काहीतरी म्हणाले. मला शब्द सगळे ऐकू आले नाहीत. 'बायको' ऐकू आलं, 'महिना' ऐकू आलं. वृंदानं नाक ओढलं.

मी पान्यावर हात ठेवून तसाच पडून होतो, आणि मला सकाळ दिसत होती. गाडी खाली घेतली, हात पुसले आणि मी उभा राहिलो. कशासाठी उभा राहिलो ते आता मला कळलं. मी कुणीतरी येऊन बसायची वाट बघत होतो.

वीस वर्षं ते असंच चाललं होतं. गाडी खाली आली की मी गॅरेजातल्या खड्ड्यात उतरायचो आणि हाक मारायचो, "शेवंता, ये, बस." ती मागच्या दारानं यायची, कधी हात पिठाचे, कधी मांडीवर तांदळाचं ताट. स्टिअरिंगसमोर बसायची आणि तांदूळ निवडता निवडता वरून बोलत राहायची. कुणाची सून भांडून गेली, रंगानं गिरणीत कुणाचं पीठ बदललं, आज कोरड्यास काय करू. मी खालून हं, हं करत नट आवळायचो. म्हणायचो, "हल जरा." ती दोन-तीनदा सीटवर दबायची आणि म्हणायची, "हाललो की. आनि किती हालू? नवऱ्याच्या डोस्क्यावर बसायचं बी फुकट, आनि हालायचं बी फुकट." एवढं झालं की मी खड्ड्यातून वर यायचो आणि काम संपलं म्हणायचो. तिच्यावाचून ते काम मी कधी केलंच नव्हतं. हात तिथपर्यंत आले आणि तिची वाट बघत थांबले. आणि ती आली नाही, तर त्यांना पुढचं येईना.

वरून सीटची स्प्रिंग करकरली. गाडी माझ्या अंगावर बोटभर खाली आली आणि वर गेली. पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली.

"हे हलले बघा," फणसळकरकाकू म्हणाल्या. त्यांचा मघाचा आवाज नव्हता तो. "पुरे, का अजून?"

मी पाना पुन्हा नटावर बसवला.

"अजून, अं?" त्या स्वतःच म्हणाल्या, आणि ती ताठ बाई आंब्याच्या रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, लहान पोरासारखी सीटवर दबत राहिली. "मी बसलेय. तुमचं चालू द्या."

मी नट आवळला. पाईप घालून, सगळा जोर देऊन. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याला मला तो नट नीट दिसत नव्हता. डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं, आडव्या माणसाचं जातं तसं. मी चाचपून पाना लावला आणि आवळला. मग पाना पोटावर ठेवला, आणि मला रडू आलं. शेवंता मेली, हे मला त्या चरीत कळलं, पस्तीस दिवसांनी. मी तोंडावर हात दाबून धरला, पण आवाज काही आत राहिला नाही. माझ्या चुलतीनं काढला होता तसला गळा माझा निघाला.

चरीच्या तोंडाशी रंगरावाच्या चपला येऊन थांबल्या. तो वाकला असावा, मग मागं सरला. चपला वळून रस्त्याच्या पलीकडं गेल्या आणि तो तिथं खाली बसला. एक एसटी हॉर्न वाजवत गेली. त्यानं हात दाखवला नाही.

वर वकिलांच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज झाला.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"झालं असेल त्याचं. बघतो जरा."

"नाही झालं अजून. बसा."

"अहो, उशीर होतोय आपल्याला."

"होऊ दे," काकू म्हणाल्या. "ते बाहेर आले, की मग उतरायचं. तोवर कुणी उठायचं नाही."

दार परत लागलं. त्यानंतर बराच वेळ वर कुणी हललं नाही.